मेंदूतला काळा रंग आणि एक अर्ज

देशातील विज्ञानविषयक घडामोडींवर मी येथे अधूनमधून लिहीत असते. विषय बहुधा माझ्या भौतिकशास्त्राच्या जवळपासचा असतो. आजचे टिपण मात्र थोडे घरचे आहे, आणि त्याची सुरुवात एका बातमीपासून झाली.

डिसेंबर २०२४ मध्ये मद्रास आयआयटीच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने गर्भावस्थेतील मानवी मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमितीय नकाशा सर्वांसाठी खुला केला. पेशी वेगवेगळ्या ओळखता येतील इतक्या बारकाईने टिपलेले ५,१३२ छेद त्यात आहेत. मी ती बातमी अभिमानाने मित्रमैत्रिणींना पाठवली आणि बाबांनाही वाचून दाखवली. छेद किती पातळ, प्रतिमा किती सूक्ष्म, संगणकीय काम किती प्रचंड, हे मी रंगात येऊन सांगत होते. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “हे मेंदू दिले कोणी?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. खरे म्हणजे तो प्रश्न मला सुचलाच नव्हता.

बाबा पशुवैद्य. परळच्या १८८६ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी खानदेशात काढला. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिच्यातला घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. लहानपणी आम्हां भावंडांना मार्गशीर्ष म्हणजे बाबा घरी नसण्याचा महिना, एवढेच ठाऊक होते. घोड्याचे दात, खूर, डोळे आणि चाल पाहून ते त्याचे वय सांगत, स्वभाव सांगत आणि बरेचदा विकणाऱ्याने काय लपवले आहे तेही सांगत. आई गेल्यानंतर, तीन वर्षांपूर्वी, ते मल्लेश्वरमला माझ्याकडे राहायला आले.

आल्यानंतर वर्षभरात त्यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराचे, निदान झाले. ते पहिल्यांदा कोणा डॉक्टरने ओळखले नाही, बाबांनीच ओळखले. आम्ही सँकी तलावाला फेरी मारत होतो. ते थांबले आणि म्हणाले, “माझा उजवा हात चालताना झुलत नाही. डावा झुलतो. जनावर असतं तर मी सगळ्यांत आधी हेच पाहिलं असतं.” मी हसण्यावारी नेले. पुढच्या महिन्यात त्यांचे अक्षर बारीक होऊ लागले. ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत असलेली अक्षरे शेवटाकडे मुंगीएवढी होत. मग मात्र आम्ही चेतारोगतज्ज्ञांकडे गेलो.

आठव्या क्रॉसवरून आणलेली येलक्की केळी हा बाबांचा संध्याकाळचा खाऊ. केळे सोलताना त्यांच्या बोटांचा कंप सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून मी दुसरीकडे पाहते. एके दिवशी अशीच पाहत असताना ताटलीतल्या सालींकडे लक्ष गेले. आतला पांढुरका भाग पाहता पाहता तपकिरी आणि मग काळा पडत होता. वांगे चिरले की पाण्यात टाकावे लागते, नाहीतर ते काळवंडते, हे प्रत्येक स्वयंपाकघरात माहीत असते. रसायनांच्या ज्या कुळामुळे वांगे काळे पडते, त्याच कुळातले एक रसायन केळ्याच्या सालीत भरपूर असते. त्याचे नाव डोपामिन. बाबांच्या मेंदूत ज्याची वाण आहे, नेमके तेच.

मी हे सांगितल्यावर बाबांनी सालींकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मग केळी खाऊन भागेल का?” भागणार नाही. खाल्लेले डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत ते अडवते. ती भिंत ओलांडू शकते ते डोपामिनच्या आधीच्या पायरीवरचे द्रव्य, लेव्होडोपा. बाबा दिवसातून चार वेळा त्याची गोळी घेतात. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे केल्याचे १९३७ मध्येच प्रसिद्ध केले होते. (ही माहिती म्हणजे बिया खाण्याचा सल्ला नव्हे. मात्रा चुकली तर हाल होतात.) लेव्होडोपाचे पाणी उघडे राहिले की तेही काळपट होते. काही रुग्णांच्या घामाला आणि लाळेलाही गडद छटा येते. बाबांच्या उशीच्या अभ्य्रावरचे डाग कशाचे, हे मला तेव्हा उलगडले.

डोपामिनचे रेणू ऑक्सिजनशी संयोग पावतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे जे काळे द्रव्य बनते ते मेलॅनिनच्या घराण्यातले असते. पीएचडीच्या काळात मी विस्कळीत रचनेच्या अर्धवाहकांवर काम करत होते, तेव्हापासून मेलॅनिन मला परिचित आहे. बहुतेक रंगद्रव्ये प्रकाशातला एखादा ठरावीक पट्टा शोषतात, म्हणून ती लाल, निळी किंवा पिवळी दिसतात. मेलॅनिन सगळेच शोषते. त्याचे कारण त्याच्या अव्यवस्थेत आहे. त्यातले घटक एकमेकांसारखे असूनही तंतोतंत एकसारखे नसतात. प्रत्येकाची शोषणाची जागा किंचित वेगळी असते आणि असंख्य किंचित वेगळ्या जागा एकत्र आल्या की सलग काळेपणा तयार होतो. १९७४ मध्ये मॅकगिनेस, कॉरी आणि प्रॉक्टर यांनी मेलॅनिन विद्युतदाबाखाली अर्धवाहकी स्विचसारखे वागते, असे दाखवले होते. तो शोधनिबंध माझ्या प्रबंधाच्या संदर्भांत होता. मेलॅनिन माणसाच्या मेंदूतही असते, हे मी तेव्हा एका वाक्यात वाचले होते आणि पान उलटले होते.

मेंदूतल्या या मेलॅनिनला न्यूरोमेलॅनिन म्हणतात. मेंदूच्या देठात, मध्यमेंदूमध्ये, दोन्ही बाजूंना त्याचा एकेक काळा पट्टा असतो. तो पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ फेलिक्स विक-दाझीर यांनी १७८६ मध्येच त्याचे वर्णन केले होते. पुढे त्याला ‘सबस्टँशिया नायग्रा’ म्हणजे सरळ सरळ ‘काळे द्रव्य’ असे लॅटिन नाव मिळाले. १९१९ मध्ये कॉन्स्तांतिन त्रेत्याकॉफ यांनी पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात दाखवले की, कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत हा पट्टा फिका पडलेला असतो. डोपामिन बनवणाऱ्या पेशीच तिथे काळ्या असतात. त्या पेशी गेल्या की त्यांच्याबरोबर रंगही जातो.

हे बाबांना समजावून सांगावे म्हणून मी एके रविवारी तयारी करून बसले. त्यांनी मला मध्येच थांबवले आणि परळची एक आठवण सांगितली. विकृतिशास्त्राच्या तासाला एका म्हाताऱ्या घोड्याच्या मेंदूची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावलेली होती. चेतापेशींच्या पोटात तपकिरी-पिवळे कण दाटलेले होते. बाबांना वाटले, हाच रोग. सरांनी विचारले, “काय दिसते?” बाबा म्हणाले, “व्याधी.” सर म्हणाले, “नाही, वय.”

ते कण लिपोफ्युसिनचे. पेशीला पचवता न आलेल्या चरबीचा आणि प्रथिनांचा हा गाळ वयाबरोबर साचत जातो. माणसात, कुत्र्यात, घोड्यात, दीर्घकाळ जगणाऱ्या बहुतेक प्राण्यांच्या चेतापेशींत तो असतो. न्यूरोमेलॅनिन वेगळे. ते डोपामिनसारख्या द्रव्यांपासून बनते, लोह व इतर धातू धरून ठेवते आणि काही ठरावीक पेशींतच असते. परंतु दोघांत एक साम्य आहे. चेतापेशी सहसा विभागत नाही. तिला कचरा वाटून टाकायला लेक नसते. जे साचेल ते तिच्याच पोटमाळ्यावर. नवजात बाळाच्या मध्यमेंदूत हा काळा पट्टा दिसत नाही. न्यूरोमेलॅनिन बालपणी दिसू लागते आणि म्हातारपणापर्यंत वाढत जाते.

घोड्याच्या मेंदूतही न्यूरोमेलॅनिन सापडते, पण माणसाइतके नाही. इथे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात, म्हणून उत्तर देऊन ठेवते. पांढऱ्या घोड्याच्या मेंदूत हा रंग कमी आणि काळ्या घोड्याच्या मेंदूत जास्त, असे नसते. कातडीच्या मेलॅनिनसाठी टायरोसिनेज नावाचे विकर लागते. ज्या माणसांत ते जन्मतः काम करत नाही, ज्यांची त्वचा आणि केस पांढरे असतात, त्यांच्या मध्यमेंदूतला पट्टाही काळाच असतो. दोन्ही ठिकाणच्या रंगाचे घराणे एक असले तरी कारखाने वेगळे आहेत. कातडीच्या रंगावरून आत काय आहे ते कळत नाही, हे निदान या बाबतीत तरी शब्दशः खरे आहे.

मग बाबांनी एका घोडीची गोष्ट सांगितली. सारंगखेड्याच्या एका व्यापाऱ्याची लाडकी घोडी, वय पंचविशीच्या आसपास. चैत्र उजाडला, खानदेशातले ऊन तापले, तरी तिची थंडीतली लव झडेना. उलट केस लांब, कुरळे होत गेले. ती सारखी पाणी पिई, घामाने निथळे, पाठीचे मांस उतरत चालले होते आणि खुरांच्या आत दाह झाल्यामुळे तिला उभे राहवत नसे. बाबांना रोगाचे नाव माहीत होते, उपाय हाताशी नव्हता. त्यांनी तिचे केस भादरायला सांगितले, खुरांची काळजी घ्यायला सांगितले आणि व्यापाऱ्याला खरे ते सांगितले.

तो रोगही डोपामिनचाच. घोड्याच्या अधश्चेतकातून, म्हणजे हायपोथॅलॅमसमधून, डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशींचे तंतू पियुषिका ग्रंथीच्या मधल्या भागापर्यंत जातात आणि त्या भागाला लगाम घालून ठेवतात. म्हातारपणी या पेशी दुबळ्या झाल्या की लगाम सुटतो, ग्रंथीचा तो भाग फुगतो आणि नको तितकी संप्रेरके सोडू लागतो. डायन मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा घोड्यांच्या ऊती तपासल्या. डोपामिनच्या तंतूंची टोके कमी झाली होती, ऑक्सिजनजन्य इजेच्या खुणा वाढल्या होत्या आणि अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन वाढले होते. कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत ज्याच्या गाठी सापडतात, तेच हे प्रथिन. या रोगावरचे औषध, पर्गोलाइड, हे आधी माणसांच्या कंपवातासाठी वापरले जाई. हृदयाच्या झडपांना इजा होते असे दिसल्यावर २००७ मध्ये अमेरिकेत ते माणसांसाठी मागे घेतले गेले. २०११ मध्ये तिथेच ते घोड्यांसाठी मंजूर झाले. “म्हणजे मी आणि ती घोडी एकाच दुकानाचे गिऱ्हाईक,” बाबा म्हणाले.

या विनोदाच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे. कंपवातावरचे प्रयोग बहुतांशी उंदरांवर होतात. उंदराच्या मध्यमेंदूत डोपामिनच्या पेशी आहेत, पण डोळ्यांना दिसेल असा काळा रंग नाही, आणि उंदराला आपण होऊन कंपवात होतही नाही. विष देऊन किंवा जनुकांत बदल करून तो घडवावा लागतो. घोडीचा रोग तसा नव्हता, तो कोणी घडवला नव्हता, वयाने आणला होता. पण तिच्या ज्या पेशी थकल्या त्या अधश्चेतकातल्या, काळ्या पट्ट्यातल्या नव्हेत. २०१९ मध्ये बार्सिलोनातील मिकेल व्हिला यांच्या गटाने वेगळी वाट काढली. त्यांनी घुशीच्या जातीच्या प्रयोगशाळेतील उंदरांच्या मध्यमेंदूत माणसाचे टायरोसिनेज तयार होईल अशी व्यवस्था केली. त्या पेशी काळ्या झाल्या. रंग वाढत गेला आणि एका मर्यादेपलीकडे गेल्यावर पेशी आजारी पडू लागल्या, हालचाली बिघडू लागल्या.

मग हा रंग शत्रू म्हणायचा का? तेही सोपे नाही. तोच रंग मोकळे लोह आणि विषारी द्रव्ये धरून ठेवतो, म्हणजे राखणही करतो. पोटमाळ्यावर अडगळ टाकली म्हणून घर राहण्याजोगे राहते, पण माळा मोडला तर सगळे डोक्यावर येते. पेशी मरते तेव्हा बाहेर पडलेले न्यूरोमेलॅनिन आसपासच्या रक्षक पेशींना चेतवते आणि दाह पसरतो. एकच द्रव्य केव्हा राखण करते आणि केव्हा घात करते, हे ठरवायचे तर माणसाच्या मेंदूकडेच जावे लागते. उंदीर थोडे सांगेल, घोडी थोडे सांगेल, पण आयुष्यभर काळा होत गेलेला मेंदू माणसाचा आहे.

जिवंत माणसाच्या मेंदूत हा रंग आता काही प्रमाणात पाहता येतो. लोह धरलेले न्यूरोमेलॅनिन चुंबकीय गुणधर्म दाखवते, त्यामुळे योग्य पद्धतीने काढलेल्या एमआरआय प्रतिमेत तो पट्टा उजळ उमटतो. जपानी संशोधकांनी २००६ मध्ये ही पद्धत दाखवली. डोळ्यांना काळे दिसणारे तिथे पांढरे दिसते. बाबांच्या प्रतिमेत दोन्ही पट्टे पुसट होते, डावा अधिक. उजवा हात का झुलत नव्हता ते त्यात दिसत होते. परंतु प्रतिमेत पेशी मोजता येत नाहीत. त्या मोजायच्या तर छेदच घ्यावे लागतात.

अशी एक मोजणी आमच्या घरापासून काही किलोमीटरवर झालेली आहे, हे मला फार उशिरा कळले. बंगळूरच्या निम्हान्समधील उदय मुठाणे, टी. सी. यशा आणि एस. के. शंकर यांनी १९९८ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’त एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भारतीयांच्या निरोगी मेंदूंत मध्यमेंदूतल्या काळ्या पेशी ब्रिटनमधल्या मेंदूंपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. त्याहून चकित करणारी गोष्ट अशी की, वय वाढले तरी त्यांची संख्या घटत नव्हती. लंडनमध्ये फर्नली आणि लीझ यांना १९९१ मध्ये दर दशकाला सुमारे ४.७ टक्के घट दिसली होती. २००९ मध्ये फाल्गुनी अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी निम्हान्समध्येच पुन्हा तपासले, तेव्हाही भारतीय मेंदूंत वयानुसार फारशी घट दिसली नाही.

याच्या शेजारी दोन आकडे ठेवून पाहा. मुंबईच्या पारशी समाजात भरुचा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कंपवाताचे प्रमाण लाखामागे सुमारे ३२८ होते. बंगळूर परिसरातल्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते लाखामागे सुमारे ३३. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे ही तुलना सरळ करता येत नाही, हे आधीच सांगते. तरीही प्रश्न उरतो. पेशी मुळातच कमी, तरी रोग कमी. म्हणजे भांडवल किती यापेक्षा ते किती वेगाने खर्च होते याला अधिक महत्त्व असावे का? माझ्यातल्या भौतिकशास्त्रज्ञाला असा प्रश्न मोहात पाडतो. त्याचे उत्तर समीकरणातून येणार नाही, आणखी मेंदू मोजूनच येईल.

मी हे सगळे उत्साहाने सांगितले. बाबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, “हे मेंदू दिले कोणी?”

या वेळी मी उत्तर शोधले. निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूपेढी आहे, डॉ. शंकर तिचे संस्थापक. मृत्यूनंतर नातलगांच्या संमतीने मेंदू तिथे दिला जातो आणि संशोधनासाठी जपला जातो. नुसते आजारी मेंदू पुरत नाहीत. तुलनेसाठी निरोगी मेंदू लागतात, आणि निरोगी मेंदू बहुधा अकस्मात गेलेल्या माणसांचे असतात. कोणाचा तरी तरुण मुलगा रस्त्यावर गेलेला असतो. ताटकळत बसलेल्या बापाला कोणीतरी हळू आवाजात विचारते आणि तो बाप मान हलवतो. शोधनिबंधात पुढे त्याचा एक ठिपका होतो. मी असे शेकडो ठिपके पाहिले आहेत, त्यांच्यातून रेषा काढल्या आहेत. त्या मान हलवणाऱ्या बापाचा विचार मी कधी केला नव्हता.

निम्हान्सच्या आवारात मेंदूचे संग्रहालय आहे. आम्ही एका शनिवारी तिथे गेलो. फॉर्मॅलिनमध्ये जपलेला मेंदू तिथे हातात घेता येतो. बाबांनी तो घेतला तेव्हा त्यांचा हात नेहमीसारखा कापत होता, पण ओंजळ मात्र सराईत होती. काही धरायला गेले की त्यांचा कंप थोडा कमी होतो. मध्यमेंदूच्या एका छेदात ते दोन काळे पट्टे होते, पेन्सिलीने ओढलेल्या भुवयांसारखे. बाबा म्हणाले, “माझे आता एवढे ठळक नसतील.” परतताना त्यांनी अर्ज मागून घेतला.

तो अर्ज दोन महिने माझ्या टेबलावर पडून होता. बाबांनी आपला भाग लगेच भरला होता. पण त्यांच्या पश्चात संमती द्यायची ती मी, म्हणून माझ्या सहीवाचून त्यांना तो पूर्ण वाटत नव्हता. मी कारणे काढत होते. दादाशी बोलायला हवे, काकूंना काय वाटेल, प्रयोगशाळेत या आठवड्यात फार काम आहे. मेलॅनिनवर लिहिणारी, ‘धरणी’चे छेद कौतुकाने लोकांना दाखवणारी मी, माझ्या वडिलांच्या मेंदूचा छेद डोळ्यांपुढे आणू शकत नव्हते. परक्या माणसाचा मेंदू माझ्यासाठी विदा होता. बाबांचा मेंदू म्हणजे सारंगखेड्याची यात्रा, आईचा आवाज, माझे पाढे.

मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराचे देऊळ आहे. त्याच्याशी शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे नाव निगडित आहे. देवळाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. मराठी माणसाला परमुलखात असे काही सापडले की तो सगळ्यांना सांगत सुटतो, तसे बाबाही सांगतात. एका संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसून ते म्हणाले, “दान तोंडी करून भागत नाही. लिहून ठेवलं, म्हणून साडेतीनशे वर्षांनी आपल्याला कळलं.” मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तेच पुढे म्हणाले, “त्या घोडीचं शवविच्छेदन मी करायला हवं होतं. मालक रडत होता, मला विचारवलं नाही. तिच्या डोक्यात काय होतं ते कोणालाच कळलं नाही. तू विचारवलं नाही म्हणून थांबू नकोस. मी विचारायच्या आधीच हो म्हटलं आहे.”

त्या रात्री मी सही केली.

त्यासाठी अर्ज पुन्हा उलगडला तेव्हा बाबांची सही नीट पाहिली. पहिले अक्षर मोठे, मग उतरत उतरत शेवटचे जेमतेम दिसणारे. खाली, तीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी हुद्दाही लिहिला होता: पशुधन विकास अधिकारी, निवृत्त. तिथे हुद्द्याची जागा नव्हती. मी तो खोडला नाही.

ज्या विद्यार्थ्यांनी इथवर वाचले त्यांना एवढेच सांगायचे आहे. पुढच्या वेळी मेंदूच्या नकाशाची, पेशींच्या मोजणीची, नव्या प्रतिमांची बातमी वाचाल तेव्हा छेदांची संख्या अवश्य पाहा, तंत्राचे कौतुक करा, आणि मग बाबांचा प्रश्नही विचारा. आपल्या देशात मेंदू किती दिले जातात यावर आपल्या मेंदूंविषयी आपल्याला किती कळेल हे अवलंबून आहे. परदेशातल्या मेंदूंवरून काढलेला निष्कर्ष आपल्याला लागू पडतोच असे नाही, हे १९९८ च्या त्या मोजणीने दाखवलेच आहे.

आमच्या फ्रिजवर बाबांच्या गोळ्यांचे वेळापत्रक चिकटवलेले आहे: सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार, रात्री आठ. त्याच्या खाली आता मेंदूपेढीचा फोन क्रमांक आहे, कारण वेळ आली की काही तासांतच कळवावे लागते. अक्षर बाबांचेच आहे. क्रमांकाचे आकडे पुढे पुढे बारीक होत गेले आहेत, म्हणून शेवटचे चार मी शेजारी पुन्हा मोठे करून लिहिले आहेत.